साठ रुपयांची शिष्यवृत्ती : डॉ. रघुनाथ माशेलकर यांची वाटचाल

गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत आपल्या संस्थेच्या शिष्यवृत्ती निधीचा विषय निघाला, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी उभे राहून विचारले की, वर्षाला सहा हजार रुपयांत आजकाल मुलाचे होते तरी काय? त्यापेक्षा हा पैसा सभागृहाच्या बांधकामाकडे वळवावा. बराच वेळ चर्चा झाली, निर्णय झाला नाही आणि विषय पुढच्या सभेवर गेला. आम्ही त्या दिवशी काही बोललो नाही. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला सभेत बोलण्याची सवय नसते. परंतु घरी परतताना ज्या एका गृहस्थांची आठवण झाली, त्यांच्याविषयी या स्मरणिकेत चार शब्द लिहावेत असे मनाने घेतले.

डॉ. रघुनाथ अनंत माशेलकर हे नाव पुणे परिसरातील विद्यार्थ्यांना नवे नाही. केमिकल इंजिनियर, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक, पुढे देशभरातील प्रयोगशाळांचा कारभार पाहणाऱ्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे, महासंचालक. ते आपल्या समाजातले नाहीत हे येथेच सांगून टाकतो. कारण 'आपल्या स्मरणिकेत यांचे चरित्र कशाला?' असे विचारणारे कोणी ना कोणी असतेच. उत्तर एवढेच की, ज्या अडचणींतून आपली मुले शिकतात त्याच अडचणींतून ते शिकले, आणि ज्या कारखान्यांवर आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्याची चूल पेटते, त्या कारखान्यांवर त्यांच्या एका अहवालाचा परिणाम झालेला आहे. त्याविषयी पुढे येईलच.

त्यांचा जन्म १ जानेवारी १९४३ रोजी गोव्यातील माशेल या गावी झाला. सहा वर्षांचे असताना वडील वारले. आई अंजनीबाई मुलाला घेऊन मुंबईस गिरगावात आल्या आणि मिळेल ते काम करून त्यांनी मुलाला वाढवले. एका ठिकाणी त्या कामासाठी गेल्या असता, शिक्षण पुरेसे नाही म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले. मुलाला शिकवायचे हा निश्चय त्या दिवशी पक्का झाला, असे माशेलकर सांगतात. खेतवाडीतील महापालिकेच्या शाळेत त्यांचे प्राथमिक शिक्षण झाले. बारा वर्षांचे होईपर्यंत पायात चप्पल नव्हती आणि अभ्यास रस्त्यावरच्या दिव्याखाली. हे सर्व वाचताना आपल्यापैकी अनेकांना आपले वडील, आपले आजोबा आठवतील.

पण आमच्या मते या सगळ्यात विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्याहूनही अधिक कार्यकारिणीने लक्षात ठेवावी अशी गोष्ट वेगळीच आहे. माध्यमिक शाळेत प्रवेश घ्यायला २१ रुपये हवे होते. ते जमवायला आईला २१ दिवस लागले. पैसे जमले, परंतु तोपर्यंत चांगल्या म्हटल्या जाणाऱ्या शाळांचे प्रवेश बंद झाले होते. मग गिरगावातील युनियन हायस्कूल या गरिबांच्या शाळेत नाव घातले गेले. योगायोगाने तेथे भावे सरांसारखे शिक्षक भेटले. सरांनी एकदा मुलांना उन्हात नेऊन भिंगाने कागद जाळून दाखवला. भिंग वरखाली केले की एका ठराविक अंतरावर सूर्यकिरण एका बिंदूत गोळा होतात आणि कागद पेट घेतो. मन असे एकवटले तर काहीही साधता येते, असे सर म्हणाले. शास्त्रज्ञ होण्याचे बीज तेथे पडले, असे माशेलकरांनी अनेक भाषणांतून सांगितलेले आहे. भावे सर भेटले हे त्यांचे नशीब. पण उशिरा पोहोचलेल्या प्रत्येक मुलाला भावे सर भेटतातच असे नाही.

१९६० साली ते एस.एस.सी. परीक्षेत बोर्डात अकरावे आले. एवढे यश मिळवूनही पुढे शिकणे परवडणार नव्हते आणि नोकरी धरण्याचा विचार चालू होता. त्या वेळी सर दोराबजी टाटा ट्रस्टची दरमहा ६० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि ती सहा वर्षे चालू राहिली. साठ रुपये ही तेव्हाही डोळे दिपवणारी रक्कम नव्हती. परंतु ती दर महिन्याला येत होती. आमच्या काउंटरवर रोज पासबुके भरताना आम्ही पाहतो की, गरिबाच्या घरी मोठ्या रकमेपेक्षा ठराविक तारखेला येणाऱ्या रकमेवर संसार उभा राहतो. बाबासाहेबांना १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी सयाजीराव गायकवाडांनी दिलेली शिष्यवृत्तीही अशीच महिन्याच्या हिशेबाची होती, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. रक्कम आणि मुदत दोन्ही आधीच ठाऊक असली म्हणजे विद्यार्थी पुढची आखणी करू शकतो.

जयहिंद कॉलेजातून माशेलकर माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात गेले. १९६६ साली केमिकल इंजिनियरिंगची पदवी आणि १९६९ साली प्रा. मनमोहन शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. येथे बारावीच्या मुलांसाठी थोडे थांबतो, कारण रसायनशास्त्रज्ञ आणि केमिकल इंजिनियर यांच्यात आमचा स्वतःचाही बरीच वर्षे घोटाळा होता (आम्ही पडलो कला शाखेचे). चंचुपात्रात दोन पदार्थ एकत्र करून तिसरा मिळवणे हे रसायनशास्त्रज्ञाचे काम. तीच क्रिया दहा हजार लिटरच्या टाकीत घडवायची झाली तर उष्णता कोठून काढायची, मिश्रण ढवळायचे किती, नळीतून ते वाहील की तुंबेल, हे प्रश्न केमिकल इंजिनियरचे.

त्यातही माशेलकरांचा विषय वाहण्याचा. पाणी जसे वाहते तसे सगळे द्रव वाहत नाहीत. टूथपेस्ट नळीत गप्प बसते आणि दाबली की बाहेर येते. भिंतीला लावायचा रंग डब्यात दाट असतो, ब्रशने ओढला की पातळ होतो आणि भिंतीवर पुन्हा थबकतो. वितळलेले प्लॅस्टिकही असेच वागते. भोसरी-चाकणच्या मोल्डिंग मशीनवर काम करणाऱ्या आपल्या मुलांना हे हाताने ठाऊक आहे. बंपर किंवा डॅशबोर्डच्या साच्यात प्लॅस्टिक जोराने ढकलले की ते पातळ होऊन कोपऱ्याकोपऱ्यांत शिरते, आणि दाब व तापमान चुकले की माल अर्धवट भरतो. असे का होते याचे गणित मांडणे हा पॉलिमरच्या प्रवाहशास्त्राचा भाग. इंग्लंडमधील सॅल्फर्ड विद्यापीठात संशोधन आणि अध्यापन करीत माशेलकरांनी या विषयात नाव मिळवले.

तेथे स्थिर झालेला हा मनुष्य १९७६ साली परत आला. सीएसआयआरचे तेव्हाचे महासंचालक डॉ. नायुदम्मा आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक डॉ. बा. द. टिळक यांनी त्यांना बोलावून घेतले. पगार तिकडच्या मानाने किरकोळ. शिवाय पाषाण रस्त्यावरील प्रयोगशाळेत आल्यावर त्यांच्या विषयाला लागणारी उपकरणेच नव्हती. ती येईपर्यंत हात बांधून न बसता त्यांनी कागद-पेन्सिलीने होणारे काम, म्हणजे गणिती प्रारूपे मांडण्याचे काम, हाती घेतले. संशोधन थांबले नाही, आणि १९८२ साली अभियांत्रिकी विज्ञानाचे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक त्यांना मिळाले.

१९८९ साली ते याच प्रयोगशाळेचे संचालक झाले. तोपर्यंत आपल्या प्रयोगशाळांची रीत अशी की, परदेशात जे तयार होते ते येथे कसे करता येईल हे शोधायचे. परदेशी माल आयात होत नव्हता तोवर हे चालले. १९९१ नंतर दारे उघडली आणि नक्कल विकत घेणारा कोणी उरला नाही. माशेलकरांचे म्हणणे असे की, आता आपण संशोधन करून ते परदेशी कंपन्यांनाच विकले पाहिजे. पॉलिकार्बोनेट या भक्कम प्लॅस्टिकच्या निर्मितीबाबत प्रयोगशाळेने अमेरिकेत पेटंटे घेतली होती. त्या धंद्यातील बलाढ्य अशी जनरल इलेक्ट्रिक कंपनी मग स्वतःहून पुण्याच्या प्रयोगशाळेकडे सहकार्यासाठी आली. भारतातून तंत्रज्ञान बाहेर जाते, ही गोष्ट तेव्हा पुष्कळांना थट्टेची वाटत असे.

१९९५ ते २००६ अशी अकरा वर्षे ते सीएसआयआरचे महासंचालक होते. १९४२ साली स्थापन झालेल्या या परिषदेच्या देशभर चाळीसच्या आसपास प्रयोगशाळा. आता, महासंचालक म्हणजे फायलींवर सह्या करणारा अधिकारी, शास्त्रज्ञाची जात बिघडली, असे म्हणणारे असतात. आम्ही स्वतः फायलीत आयुष्य काढले असल्यामुळे आम्हाला ते पटत नाही. कोणता कागद कोणाकडे, कोणत्या दिवशी आणि कोणत्या पुराव्यानिशी गेला यावर पुष्कळ काही अवलंबून असते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे हळदीचे प्रकरण.

मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन संशोधकांना अमेरिकेत एक पेटंट मिळाले, जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर या विषयाचे. पेटंट म्हणजे, हा शोध प्रथम आम्ही लावला, तेव्हा ठराविक वर्षे तो दुसऱ्याने आमच्या परवानगीशिवाय वापरू नये, असा सरकारने दिलेला हक्क. बोट कापले की त्यावर हळद दाबावी हे आपल्याकडे चार वर्षांच्या पोराला माहीत. वर्तमानपत्रांतून संताप पुष्कळ व्यक्त झाला. परंतु पेटंट कार्यालय संतापावर चालत नाही. त्याला छापील पुरावा लागतो. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने १९९६ साली फेरतपासणीचा अर्ज केला आणि त्यासोबत बत्तीस संदर्भ जोडले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, तसाच १९५३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आलेला एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने निर्णय दिला की यात नवे काही नाही, आणि पेटंट गेले. विकसनशील देशाच्या पारंपरिक ज्ञानाच्या आधारे अमेरिकन पेटंट रद्द होण्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते.

मात्र दर वेळी असे भांडत बसायचे कोठवर? परदेशी पेटंट परीक्षकाला संस्कृत, तमिळ, अरबी येत नाही, त्यामुळे त्याला आपली माहिती सापडत नाही, हे खरे दुखणे होते. म्हणून २००१ पासून सीएसआयआर आणि केंद्राचा आयुर्वेद-युनानी आदींचा विभाग यांनी मिळून जुन्या ग्रंथांतील औषधयोगांचा संगणकीय संग्रह इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी भाषांत तयार करायला घेतला. युरोपीय पेटंट कार्यालयाला तो २००९ साली पाहण्यास खुला झाला.

येथे आमच्या मनात आलेली एक शंका नोंदवतो. हळद जिंकली, कारण ती ग्रंथात होती. ज्यांचे ज्ञान कोणी लिहूनच घेतले नाही, ज्यांना लिहिण्या-वाचण्यापासूनच दूर ठेवले गेले, त्या सुईणी, त्या आदिवासी वैदू, त्या कातडे कमावणाऱ्या, लोखंड वितळवणाऱ्या जाती, त्यांनी आपल्या ज्ञानाचा छापील पुरावा कोठून आणावा? या प्रश्नाची जाणीव माशेलकरांना नव्हती असे म्हणता येणार नाही. २००० साली अहमदाबाद येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचे ते अध्यक्ष झाले, आणि खेड्यापाड्यांतील पदवी नसलेल्या कारागिरांच्या युक्त्या शोधून त्या त्यांच्या नावाने नोंदवणे हेच या प्रतिष्ठानचे काम. पण गेलेल्या शतकांची भरपाई त्याने होत नाही.

आता आपल्या दारातला विषय. सप्टेंबर २००१ मध्ये केंद्र सरकारने वाहनांचे इंधन आणि धूर यांबाबत धोरण ठरवण्यासाठी माशेलकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील बसगाड्या सीएनजीवर चालवण्याचा आदेश दिलेला होता आणि देशभर काय करायचे हा प्रश्न उभा होता. समितीने सांगितले की, सरकारने अमुकच इंधन वापरा असा हट्ट धरू नये. नळकांड्यातून किती धूर बाहेर पडावा आणि इंधन किती शुद्ध असावे हे ठरवावे, आणि तेथे कसे पोहोचायचे ते कारखानदारांवर सोडावे. इंजिन आणि इंधन या दोन्हींच्या तारखा मात्र एकत्र बांधाव्यात. असे का, तर डिझेल-पेट्रोलमधील गंधक धूर शुद्ध करणाऱ्या उपकरणाला निकामी करते. उत्तम इंजिन घेतले आणि पंपावर जुनेच डिझेल मिळाले तर खर्च वाया. २००० सालच्या सुमारास डिझेलमध्ये दर दहा लाख भागांत २५०० भाग गंधक चालत असे. बीएस-२ मध्ये ते ५०० वर, बीएस-३ मध्ये ३५० वर, बीएस-४ मध्ये ५० वर आणि आजच्या बीएस-६ मध्ये १० वर आले.

ऑक्टोबर २००३ मध्ये सरकारने हे धोरण स्वीकारले. त्यानुसार १ एप्रिल २००५ पासून देशभर बीएस-२ आणि अकरा मोठ्या शहरांत चारचाकी वाहनांना बीएस-३ लागू झाले. त्या अकरांत पुणे होते. पिंपरी, आकुर्डी, भोसरी, चाकण येथील लहानमोठ्या कारखान्यांना प्रथमच काही वर्षे आधी कळले की कोणत्या तारखेला कोणता माल बाद होणार आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने त्याच वेळी कडक टीका केली की, हे वेळापत्रक फार संथ आहे, ते कारखानदारांच्या सोयीचे आहे आणि सीएनजीला खो घालणारे आहे. रस्त्याकडेच्या वस्तीत राहणाऱ्यांच्या फुप्फुसांचा विचार केला तर ही टीका झटकून टाकता येत नाही. दोन भारतांसाठी दोन प्रकारचे डिझेल ही व्यवस्था पुढे २०१७ पर्यंत चालली.

उलट बाजूही आम्ही घरात पाहिली आहे. आमचे साडू भोसरीत कार्ब्युरेटरचे सुटे भाग करणाऱ्या एका लहान वर्कशॉपमध्ये लेथवर होते. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आले, मोटरसायकलींना फ्युएल इंजेक्शन लागले आणि कार्ब्युरेटर संपला. त्यात लॉकडाऊन. मालकाने मशीन विकले. हा नियम माशेलकर समितीचा नव्हे, तो नंतरचा. परंतु पायऱ्यापायऱ्यांनी चढण्याची ती शिडी २००३ साली मांडली गेली. साडूंच्या वर्कशॉपमध्ये शिडीची बातमी कोणी वाचली नव्हती. ज्या बड्या कंपनीच्या पुरवठादाराचे ते काम करीत, तेथे ती वाचली गेली होती आणि नवी मशिने आधीच आली होती. साडूंचा मुलगा आज चाकणला सेन्सरच्या वायरिंगचे काम करतो. साडू स्वतः रात्रपाळीचे वॉचमन आहेत.

कागदाची बेफिकिरी मोठ्या माणसालाही भोवते, याचेही उदाहरण याच चरित्रात आहे. पेटंट कायद्यातील काही प्रश्नांवर माशेलकरांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने डिसेंबर २००६ मध्ये अहवाल दिला. त्यातील काही मजकूर दुसऱ्याच्या लेखातून श्रेय न देता घेतलेला आहे हे उघडकीस आले. फेब्रुवारी २००७ मध्ये त्यांनी तो अहवाल मागे घेतला आणि २००९ साली दुरुस्त करून पुन्हा सादर केला. ज्याने देशाला बौद्धिक हक्क शिकवले त्याच्याच सहीखाली हे घडावे, हे वाईट झाले. अहवाल मागे घेण्याचा सरळपणा त्यांनी दाखवला हे मान्य. पण अध्यक्षाने सही करण्यापूर्वी कागद वाचावा ही अपेक्षा जास्त नाही. प्रोजेक्टचे कागद इकडूनतिकडून उतरवणाऱ्या आपल्या मुलांनी हा प्रसंग जरूर वाचावा.

मानसन्मानांची यादी लांबलचक आहे. पद्मश्री १९९१, पद्मभूषण २०००, पद्मविभूषण २०१४. १९९८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो निवडले, तेव्हा ज्या वहीत न्यूटनची सही आहे त्याच वहीत गिरगावच्या चाळीतल्या या मुलाने सही केली. निवृत्तीनंतर ते टाटा मोटर्सच्या संचालक मंडळावरही होते. २०११ साली त्यांनी आईच्या नावाने एक पुरस्कार सुरू केला. गरिबांना परवडेल असे उपकरण किंवा सेवा शोधणाऱ्यांना तो दिला जातो.

आता सभेत राहून गेलेले बोलणे. आपल्या संस्थेची शिष्यवृत्ती दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात दिली जाते. फोटो होतात, पाकिटे दिली जातात, आईवडिलांना समाधान वाटते. हा कार्यक्रम ऑक्टोबरात असतो. आयटीआय, डिप्लोमा आणि कॉलेजांचे प्रवेश जून-जुलैत होतात. आमच्या काउंटरवर त्या दोन महिन्यांत फी भरण्यासाठी मंगळसूत्र गहाण ठेवून सोनेतारण कर्ज घेणाऱ्या बायका येतात. त्यांतल्या दोघींच्या मुलांना गेल्या वर्षी आपलेच पाकीट मिळाले, चार महिन्यांनी. एका मुलाचा आवडीच्या ट्रेडचा प्रवेश तोपर्यंत हुकला होता.

सहा हजारांचे काय होते, हा प्रश्न विचारणाऱ्या सभासदांना आमचे उत्तर असे की, जूनमध्ये पुष्कळ होते. पुढच्या सभेसाठी आम्ही चिटणीसांकडे लेखी सूचना दिली आहे. अर्जाच्या नमुन्यात 'फी भरण्याची अंतिम तारीख' हा एक रकाना वाढवावा, रक्कम त्या तारखेच्या किमान आठ दिवस आधी विद्यार्थ्याच्या खात्यात जमा करावी, आणि ऑक्टोबरच्या कार्यक्रमात पाकिटाऐवजी फक्त प्रमाणपत्र द्यावे. खाती उघडून देण्याचे काम आम्ही सुट्टीच्या दिवशी घरून करून देऊ. सूचनेची पोच मिळाली आहे. विषय क्रमांक सात.